एक चाचणी, एक निकाल, एक नाव

दहिसर हे गावाचे नाव महाराष्ट्राच्या नकाशावर एकाच ठिकाणी आढळत नाही. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील, पश्चिम रेल्वेवरील दहिसर सर्वांच्या परिचयाचे आहे. ठाणे तालुक्यात शिळफाट्याच्या बाजूस दहिसर नावाचे आणखी एक गाव आहे. पालघर तालुक्यातील तिसऱ्या गावाची महसुली दप्तरातील नोंद ‘दहिसर तर्फे मनोर’ अशी आहे. पत्रावर केवळ ‘दहिसर’ एवढेच लिहिले तर ते कोणत्या गावी जावे, हे टपाल खात्याला सांगता येणार नाही. म्हणूनच आपल्याकडे गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिण्याची रीत पडली. ‘तर्फे’, ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ ही पदे नावांना जोडण्यात आली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून देशभर पिन कोड लागू झाला आणि बोरिवली तालुक्यातील दहिसरला ४०००६८ हा क्रमांक मिळाला.

नाव ओळखीसाठी असते. परंतु ती ओळख एकमेव राहावी यासाठी मुद्दाम तजवीज करावी लागते, असा या सर्व व्यवस्थेचा अर्थ आहे. वरवर पाहता अगदी दूरच्या वाटणाऱ्या एका क्षेत्रात हाच प्रश्न दररोज उभा राहतो. ते क्षेत्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपच्या आराखड्याची संगणकावरील चाचणी. या चाचण्यांतून निर्माण होणाऱ्या निकालाच्या फाइलींना नावे कशी द्यावीत, हा प्रश्न लहान दिसला तरी त्यावर मोठ्या श्रमाचे आणि खर्चाचे भवितव्य अवलंबून असते. ज्यांचा चिपशी संबंध येत नाही, परंतु नोंदींशी रोजचा संबंध येतो, अशा शिक्षकांना, अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांनाही हा विषय उपयुक्त ठरेल.

चिपचा आराखडा शब्दांत

पूर्वी विद्युतमंडलाचा आराखडा कागदावर रेखाटला जाई. एका चिपवरील घटकांची संख्या लाखांच्या घरात गेल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. त्यातून हार्डवेअर वर्णनभाषा पुढे आल्या. मंडलाचे कोणते भाग आहेत, ते एकमेकांना कसे जोडले आहेत आणि कोणत्या संकेताला त्यांनी कसा प्रतिसाद द्यावा, याचे काटेकोर वर्णन या भाषांत लिहिले जाते. व्हीएचडीएल ही भाषा अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या एका कार्यक्रमातून निर्माण झाली आणि १९८७ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. व्हेरिलॉग या दुसऱ्या भाषेला तशी मान्यता १९९५ साली मिळाली. जगभर या दोन भाषा आणि त्यांच्या विस्तारित आवृत्त्या वापरात आहेत.

दहिसरपासून फार दूर नसलेल्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. माधव देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अजित’ हा सूक्ष्मप्रक्रियक विकसित केला. २०१९ साली त्याची माहिती जाहीर झाली. ही चिप मोहाली येथील सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडविण्यात आली. अशी चिप एकदा सिलिकॉनवर उतरली की तिच्यात खाडाखोड करता येत नाही. घर बांधून झाल्यावर भिंत पाडून खिडकी काढता येते. चिपच्या बाबतीत ही सोय नाही. चूक राहिली असेल तर नवी चिप घडवावी लागते.

चूक राहून गेली तर काय होते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराचा दोष आढळला. चिपमधील एका कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. दोष क्वचितच प्रकट होत असे. तरीही कंपनीला चिप बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. हा दोष फाइलीच्या नावामुळे उद्भवला नव्हता. परंतु चाचणीत सुटलेली एक बारीकशी त्रुटी किती महाग पडते, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून चिप घडविण्यापूर्वी तिच्या वर्णनाची संगणकावर अनुकरण-चाचणी केली जाते. संगणक त्या मंडलाप्रमाणे वागून दाखवितो. वेगवेगळे संकेत देऊन प्रतिसाद तपासले जातात आणि ते फाइलीत नोंदविले जातात. एका आराखड्यासाठी अशा शेकडो, प्रसंगी हजारो फेऱ्या होतात. आराखडा पुढे पाठवावा की नाही, याचा निर्णय या निकाल-फाइलींच्या आधारे घेतला जातो. चिपच्या आराखड्याचे हेच साक्षीपुरावे होत. साक्षीदारांचीच अदलाबदल झाली तर निवाडा चुकणे क्रमप्राप्त आहे.

नदीच्या पातळीचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटरचा प्रवास करून मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील नद्यांनी काठावरच्या वस्त्यांत प्रवेश केला. अशा नदीची पातळी मोजून धोक्याची सूचना देणारी एक चिप अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आखली आहे, असे समजू. श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा आणि दहिसर गावठाण या चार ठिकाणच्या मापकांचे संकेत तिच्याकडे येतात.

विद्यार्थी मापक-विभागाचे वर्णन चार वेळा लिहीत नाहीत. ते एकदाच लिहिले जाते आणि आराखड्यात चार ठिकाणी बसविले जाते. एका साच्यातून चार गणेशमूर्ती काढाव्यात, तसाच हा प्रकार आहे. हार्डवेअर वर्णनभाषेचे सामर्थ्य यातच आहे. आणि नावांच्या गोंधळाचे मूळही येथेच आहे. मापकाच्या साच्यात ‘आपल्या नोंदी निकाल या नावाच्या फाइलीत लिहाव्यात’ अशी सूचना असेल, तर ती सूचना चारही प्रतींना लागू होते. चौघे एकच वही उघडतात आणि चौघेही एकाच वेळी तीत लिहू लागतात.

मंडलातील सर्व भाग एकाच वेळी काम करीत असतात. संगणकाला मात्र ते कोणत्या तरी क्रमाने हाताळावे लागतात. एकाच क्षणी घडणाऱ्या घटना कोणत्या क्रमाने हाताळाव्यात, हे भाषेचे मानक पूर्णपणे बांधून देत नाही. त्यामुळे एकाच फाइलीत अनेकांनी लिहिल्यास कधी ओळी एकमेकींत मिसळतात, कधी एकाच्या मजकुरावर दुसऱ्याचा मजकूर चढतो, तर कधी शेवटी लिहिणाऱ्याचाच मजकूर शिल्लक राहतो. नेमके काय घडेल, हे साधनागणिक बदलते. कांदरपाड्याची पातळी दौलतनगरच्या नावावर वाचली गेली तर चाचणीचा हेतूच विफल होतो.

नावांची टक्कर तीन प्रकारची

निकालांच्या नावांची टक्कर तीन ठिकाणी होते. पहिली टक्कर एकाच फेरीत, एकाच साच्याच्या अनेक प्रतींमध्ये होते. तिचे स्वरूप वर आले आहे.

दुसरी टक्कर आजच्या आणि कालच्या फेरीत होते. लिहिण्यासाठी उघडलेली फाइल आधीपासून अस्तित्वात असेल, तर तिच्यातील जुना मजकूर पुसला जातो. पाटीवर नवे गणित मांडावे आणि जुने नाहीसे व्हावे, तसे हे होते. संकेतांच्या आलेखाची फाइल हे याचे ठळक उदाहरण आहे. व्हेरिलॉगमध्ये तिला नाव दिले नाही तर ‘डंप.व्हीसीडी’ हे ठरलेले नाव आपोआप मिळते. वर्गातील सर्व विद्यार्थ्यांच्या फाइली याच नावाने शिक्षकांकडे आल्या, तर त्या एका फोल्डरमध्ये ठेवता येणे शक्य नाही.

तिसरी टक्कर समांतर फेऱ्यांची आहे. काम लवकर व्हावे म्हणून अनेक संगणकांवर एकाच वेळी चाचण्या चालविल्या जातात आणि त्यांचे निकाल एका सामाईक ठिकाणी जमा होतात. दोन संगणकांनी एकच नाव निवडले तर एकाचा निकाल नाहीसा होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

नावात स्थान हवे

पहिल्या टकरीवरील उपाय गावाच्या पत्त्यासारखाच आहे. प्रत्येक प्रतीचा आराखड्यात एक पूर्ण पत्ता असतो: नदीची चिप, तीतील कांदरपाडा विभाग, त्यातील नोंदणी-भाग. हा पत्ता भाषाच पुरविते. व्हेरिलॉगमध्ये मजकूर छापताना टक्केचिन्हापुढे ‘एम’ हे अक्षर लिहिले की त्या जागी प्रतीचा पूर्ण पत्ता उमटतो. व्हीएचडीएलमध्ये त्यासाठी ‘पाथ_नेम’ आणि ‘इन्स्टन्स_नेम’ हे गुणधर्म आहेत. फाइलीचे नाव या पत्त्यापासून तयार केले की साचा एकच राहतो, परंतु प्रत्येक प्रत आपापल्या वहीत लिहिते.

दुसरा मार्ग साच्याला बाहेरून क्रमांक देण्याचा आहे. प्रत बसवितानाच तिला १, २, ३ किंवा ४ हा क्रमांक प्राचल म्हणून द्यावा आणि साच्याने तो आपल्या फाइलीच्या नावात जोडावा. व्हीएचडीएलमध्ये संख्येचे अक्षरांत रूपांतर करून ती मजकुराला जोडता येते. व्हेरिलॉगमध्ये अशी नावे सुलभपणे जुळविण्याची सोय २००१ च्या सुधारित मानकात आली. क्रमांकाची पद्धत सोपी आहे. मात्र दोन प्रतींना एकच क्रमांक दिला जाणार नाही, ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहते. पत्त्याच्या पद्धतीत ती जबाबदारी भाषा स्वतः घेते.

चिन्ह बदलताना होणारी चूक

पत्ता जसाच्या तसा फाइलीचे नाव म्हणून नेहमी चालत नाही. व्हीएचडीएलच्या पत्त्यात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम असतात आणि विंडोज प्रणालीत फाइलीच्या नावात हे चिन्ह वापरता येत नाही. व्हेरिलॉगच्या पत्त्यात टिंबे येतात, कधी चौकटी कंस येतात. म्हणून या चिन्हांच्या जागी अधोरेषा घालण्याचा प्रघात आहे.

येथे एक सूक्ष्म धोका संभवतो. ‘पूल_पूर्व’ या विभागात ‘मापक’ नावाचा भाग आहे आणि ‘पूल’ या विभागात ‘पूर्व_मापक’ नावाचा भाग आहे, असे समजू. सोयीसाठी ही नावे येथे देवनागरीत दिली आहेत. दोन्ही पत्ते भिन्न आहेत. परंतु मधल्या चिन्हाऐवजी अधोरेषा घातली की दोहोंचे रूप ‘पूल_पूर्व_मापक’ असे एकच होते. टक्कर टाळण्यासाठी केलेल्या उपायातूनच नवी टक्कर जन्माला येते.

यावर व्हीएचडीएलच्या व्याकरणातच एक सोय दडलेली आहे. त्या भाषेत साध्या नावात दोन अधोरेषा लागोपाठ येऊ शकत नाहीत. नावाची सुरुवात किंवा शेवटही अधोरेषेने होत नाही. म्हणून विभाजक म्हणून दोन अधोरेषा वापरल्या तर ‘पूल_पूर्व__मापक’ आणि ‘पूल__पूर्व_मापक’ ही नावे वेगळीच राहतात. व्हेरिलॉगमध्ये असे बंधन नसल्यामुळे हा नियम तेथे आपण होऊन पाळावा लागतो.

असाच दुसरा धोका मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांचा आहे. व्हेरिलॉग ही भाषा मोठे ‘यू’ आणि लहान ‘यू’ यांना वेगळी नावे मानते. विंडोज प्रणाली फाइलींच्या बाबतीत सहसा तसे मानत नाही. एकाच नावाची दोन रूपे केवळ अक्षरांच्या आकाराने वेगळी ठेवली, तर भाषेच्या दृष्टीने भिन्न असलेल्या दोन प्रती एकाच फाइलीवर येऊन आदळतात. यासाठी सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवावीत, हे उत्तम.

वेळ कोणती घ्यावी

कालचा निकाल पुसला जाऊ नये म्हणून नावात वेळ घालावी, असे सहज सुचते. परंतु कोणती वेळ? अनुकरण-चाचणीच्या आत एक स्वतंत्र घड्याळ चालते. ते मंडलाचे घड्याळ असते, भिंतीवरचे नव्हे, आणि प्रत्येक फेरीत ते शून्यापासून सुरू होते. आज सकाळी चाचणी चालवा किंवा पुढच्या वर्षी चालवा, आरंभीची वेळ शून्यच असते. ही वेळ नावात घातली तर प्रत्येक फेरीचे नाव पुन्हा तेच येते.

यादृच्छिक संख्येच्या बाबतीतही नवशिक्यांची अशीच फसगत होते. नावात एखादी यादृच्छिक संख्या जोडली की ते एकमेव होईल, असे वाटते. परंतु व्हेरिलॉगच्या यादृच्छिक संख्या एका बीजांकापासून ठरलेल्या गणिताने निर्माण होतात. बीजांक बदलला नाही तर प्रत्येक फेरीत तीच माळ त्याच क्रमाने मिळते. हा दोष नाही. सापडलेली चूक पुन्हा हुबेहूब घडवून पाहता यावी, यासाठी ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. म्हणून नावात यादृच्छिक संख्या घालण्याऐवजी ज्या बीजांकाने फेरी चालविली तो बीजांक घालावा. नाव पाहताच ती फेरी पुन्हा कशी चालवावी, हे त्यातून कळते.

खरी तारीख आणि वेळ बहुधा बाहेरून द्यावी लागते. व्हीएचडीएलमध्ये संगणकाचे खरे घड्याळ वाचण्याची प्रमाणित सोय २०१९ च्या मानकात आली. सर्वच साधनांत ती उपलब्ध असेल असे गृहीत धरू नये. चाचणी सुरू करणाऱ्या आज्ञेतच फेरीचा क्रमांक आणि दिनांक देणे, हा सर्वत्र चालणारा मार्ग आहे. व्हीएचडीएलमध्ये हे मूल्य सर्वांत वरच्या विभागाला प्राचल म्हणून देता येते. व्हेरिलॉगमध्ये आज्ञेला अधिकचिन्हाने जोडलेला शब्द चाचणीच्या आत वाचता येतो.

दिनांक लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा क्रम ठेवावा. असे केल्याने नावांची अनुक्रमे मांडणी हीच कालक्रमाची मांडणी होते. क्रमांकांच्या आधी शून्ये लावून अंकांची संख्या समान ठेवावी. एरवी अनेक संगणकीय याद्यांत १० हा २ च्या आधी येतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांखाली जो संगणक संकेतांक असतो, त्याची सुरुवातही वर्ष, महिना आणि दिवस या क्रमानेच होते, हे अधिकाऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहे.

केवळ वेळेवर विसंबणेही पुरेसे नाही. दोन संगणकांवर एकाच सेकंदाला फेरी सुरू होऊ शकते. यासाठी प्रत्येक फेरीचे स्वतंत्र फोल्डर करावे आणि त्याला फेरी-क्रमांक द्यावा. सामान्यतः एकाच नावाचे फोल्डर दोघांनी एकाच क्षणी निर्माण करू पाहिले तर एकालाच यश मिळते. ज्याला अपयश येईल त्याने पुढचा क्रमांक घ्यावा. आवक-जावक नोंदवही एकच असेल आणि क्रमांक देणारा कारकून एकच असेल, तर दोन पत्रांना एक क्रमांक पडत नाही. तेच तत्त्व येथे आहे. मात्र हे फोल्डर चाचणीपूर्वीच तयार असावे लागते. फाइल उघडण्याची सूचना स्वतःहून फोल्डर निर्माण करीत नाही.

जुना निकाल, नवा शिक्का

निकाल पुसला गेला तर नुकसान होते. परंतु ते निदान ध्यानात येते. याहून गंभीर प्रसंग वेगळाच आहे. आराखड्यात बदल करून विद्यार्थ्यांनी रात्री चाचणी लावली. काही कारणाने ती सुरू होतानाच बंद पडली आणि एकही ओळ लिहिली गेली नाही. फोल्डरमध्ये मात्र त्याच नावाची कालची फाइल तशीच आहे आणि तिच्यात ‘उत्तीर्ण’ असे लिहिलेले आहे. सकाळी निकाल तपासणारा, मग तो माणूस असो किंवा संगणकीय आज्ञावली असो, तीच फाइल उघडतो आणि नवा आराखडा उत्तीर्ण झाल्याचे जाहीर करतो. प्रत्यक्षात त्या आराखड्याची परीक्षाच झालेली नसते.

हरवलेला निकाल पुन्हा मिळविता येतो. चुकीचा निकाल खरा मानला गेला तर तो शोधण्याचे कारणच उरत नाही. नावे एकमेव ठेवण्याचे सर्वांत मोठे प्रयोजन हे आहे. प्रत्येक फेरीचे नाव वेगळे असले, तर न झालेल्या फेरीची फाइल अस्तित्वातच नसते. तिची अनुपस्थिती हीच सूचना ठरते.

यासाठी आणखी काही दक्षता घेणे इष्ट आहे. फाइल उघडली गेली की नाही, हे चाचणीनेच तपासावे. व्हेरिलॉगमध्ये फाइल उघडली नाही तर उत्तर म्हणून शून्य मिळते. व्हीएचडीएलमध्ये उघडण्याच्या सूचनेसोबत स्थिती विचारता येते. लिहिण्यापूर्वी तीच फाइल वाचण्यासाठी उघडून पाहावी. ती उघडली तर त्या नावाचा निकाल आधीच आहे असा अर्थ होतो. अशा वेळी पुसून न लिहिता थांबावे. फाइलीची शेवटची ओळ ‘समाप्त’ अशी असावी. ती ओळ नसेल तर फेरी अपूर्ण समजावी. ज्या पंचनाम्याखाली सही नाही, तो पुराव्यादाखल कोणी स्वीकारत नाही.

नाव किती बोलके असावे

नावात सर्वच माहिती कोंबावी, असाही याचा अर्थ नाही. फार लांब नाव वाचता येत नाही. जुन्या विंडोज व्यवस्थेत तर फोल्डरासह संपूर्ण मार्ग सुमारे २६० चिन्हांच्या मर्यादेत बसवावा लागे. फाइलीच्या नावाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कोणता भाग, कोणती चाचणी, कोणती फेरी. वरील उदाहरणात ‘२०२५-०७-२६_फेरी००४२’ या फोल्डरमध्ये ‘नदी__कांदरपाडा__अतिवृष्टी__बीज०१७’ या नावाची फाइल असू शकेल. दिनांक आणि फेरी फोल्डरवर आली, भाग, चाचणी आणि बीजांक फाइलीवर आला.

उरलेला तपशील फाइलीच्या पहिल्या काही ओळींत लिहावा: आराखड्याची कोणती आवृत्ती, कोणते साधन, कोणती प्राचले. फाइल दुसऱ्या ठिकाणी नेताना तिचे नाव बदलले जाऊ शकते. आतील मजकूर सोबत जातो. त्याच फाइलीचे नाव आतही लिहून ठेवले, तर बाहेरचे आणि आतले नाव जुळते की नाही, हे केव्हाही पडताळता येते.

पत्ता आणि क्रमांक यांची ही जोडी का हवी, याचे उत्तर दहिसरच्या इतिहासातही मिळते. बोरिवली तालुक्यातील हे दहिसर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १९५७ साली ते बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्याचा जिल्हा पुन्हा बदलला. गाव जागचे हलले नाही; पत्ता मात्र बदलत गेला. मनोरजवळचे दहिसरही १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. चिपच्या आराखड्याचीही पुनर्रचना होते आणि भागांचे पत्ते बदलतात. म्हणून केवळ पत्त्यावर न विसंबता न बदलणारा क्रमांक सोबत असावा. शाळांसाठी यू-डायस प्रणालीतील ११ अंकी संकेतांक आणि ग्रामपंचायतींसाठी स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक याच गरजेतून आलेले आहेत.

शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. व्हीएचडीएलसाठी जीएचडीएल आणि व्हेरिलॉगसाठी इकॅरस ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत; संकेतांचे आलेख पाहण्यासाठी जीटीकेवेव्ह आहे. पवईच्या संस्थेतील फॉसी प्रकल्पाने विकसित केलेल्या ई-सिम या मुक्त साधनातही जीएचडीएलचा उपयोग केलेला आहे. उपनगरातील किंवा ग्रामीण भागातील विद्यार्थी साध्या संगणकावर याचा सराव करू शकतो.

शिक्षकांना एक प्रयोग सहज करून दाखविता येईल. मापकाचा एक साचा चार ठिकाणी बसवावा आणि चौघांनाही एकाच फाइलीत लिहू द्यावे. नंतर नावात पत्ता घालून तीच चाचणी पुन्हा चालवावी. पहिल्या वेळी हाती आलेली गोंधळलेली फाइल आणि दुसऱ्या वेळच्या चार स्वच्छ फाइली शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्यांना वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज उरत नाही. याच वर्गात प्रात्यक्षिकाच्या फाइलींना हजेरी क्रमांक, प्रात्यक्षिकाचा क्रमांक आणि दिनांक जोडण्याची शिस्त लावावी.

कार्यालयांनाही यातून बोध घेता येईल. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ‘यादी’, ‘यादी नवीन’, ‘यादी अंतिम’ आणि ‘यादी अंतिम दुरुस्त’ अशा नावांच्या फाइली असतील, तर लाभार्थ्यांची कोणती यादी ग्रामसभेने मंजूर केली, हे काही महिन्यांनी सांगणे कठीण होते. जुन्या यादीवर नव्या मंजुरीचा शिक्का बसला तर एखादे पात्र कुटुंब हक्काच्या लाभापासून वंचित राहू शकते. गावाचा संकेतांक, योजनेचे नाव, ग्रामसभेचा दिनांक आणि आवृत्तीचा क्रमांक एवढे चार घटक नावात असले तर ही अडचण येत नाही. मंत्रालयातील नस्तीवर विषय, वर्ष, प्रकरण क्रमांक आणि कार्यासन लिहिण्याची जुनी पद्धत याच विचारावर आधारलेली आहे. संगणक आला म्हणून ती शिस्त सोडण्याचे कारण नाही. संगणक क्षणात शेकडो कागद निर्माण करतो, म्हणून ती अधिकच कसोशीने पाळली पाहिजे.

निकालाचे मोल त्याच्या अचूकतेइतकेच त्याच्या ओळखीवर अवलंबून असते. तो कोणाचा, कशाचा आणि केव्हाचा, हे निःसंदिग्धपणे सांगता आले तरच त्यावर निर्णय उभा करता येतो. चाचणी सुरू करण्यापूर्वी नाव ठरविण्यात जाणारी चार मिनिटे ही त्या निर्णयाची पहिली तयारी होय.